धडधाकट भावाचा हललेला मेंदू

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तू वरच्या खोलीत, मी खालच्या, तरी खुशाली विचारायला कागद लागतोय, कारण समोर यायला तोंड उरलेलं नाही. दाराखालून सरकवतोय. झोप लागली का? गोळी घेतलीस ना? (आई विचारते, असं समज.)

काल हॉस्पिटलातून तू निघून गेल्यावर काय झालं ते ऐक. उदासीचा आजार असलेल्यांचे मेंदू आणि त्यांच्या धडधाकट भावंडांचे मेंदू यांची चित्रं तिथले लोक संशोधनासाठी ताडून बघतात, तर धडधाकट म्हणून मी आलो होतो. खरं कारण तुला ठाऊक आहे: ती एमआरआय मशीन चालवणारी. (कॉलेज सोडल्यापासून मी कुठेही इतक्या वेळेवर पोचलो नव्हतो.) तिच्यावर छाप पाडायच्या नादात बोलून गेलो, "दादाला काही झालेलं नाही, लोळायला बहाणा पाहिजे." तू मागे बाकावर बुटाची नाडी सोडत होतास, हे नंतर दिसलं. बूट बाकाखाली सरकवून तू आत गेलास.

मग माझी पाळी. मागून उघड्या झग्यात (छाप इथेच संपली) मला मशीनच्या त्या बोगद्यात सरकवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. पडद्यावर चेहरे येतील, रागावलेला दिसला की बटण दाबायचं. पहिल्याच बाबाने असे डोळे वटारले की मी त्याला आतूनच सुनावलं. त्यात मशीनची ठकठक, छातीत धडधड. मदतीसाठी हातात दिलेला रबरी फुगा असा आवळला की सगळे धावत आले. माझी चित्रं हलली, वाया गेली. डॉक्टरांना हळूच विचारलं, मग आमच्यात बिघडलेला कोण? ते म्हणाले, एकट्याच्या चित्रावरून तसं सांगता येत नाही, पुष्कळांची मिळून बघावी लागतात. पण मशीन पुसता पुसता ती म्हणाली, "तुमच्या दादांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. पुसायलासुद्धा हात उचलला नाही त्यांनी."

नुसतं पडून राहायला काय लागतं, असं मी तुला येता-जाता ऐकवायचो. लागतं, दादा.

तुझा,
धाकटा

ता. क. निघताना ती मला 'भाऊ' म्हणाली. तो विषय मिटला.

आणखी एक ता. क. मला पुन्हा बोलावलंय. किल्ल्या, नाणी बाहेर ठेवून घरच्या कुणाला आत पायाशी बसता येतं म्हणे. एकटा गेलो तर मी परत फुगा आवळणार. तू येऊन माझ्या पायाचा अंगठा धरून बसशील का? येणार असलास तर उत्तर लिहू नकोस, नुसतं दार उघड. मी खाली नाही, जिन्यातच बसलोय.