मावशीचा गट

दि. ९ मार्च

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे ठणठणीत. तुझ्या नातीचा एक दात हलतोय, म्हणून तिने सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय.

पाल्याचं नवं पोतं पोचलं. देठ खुडून, सावलीत वाळवून, धुतल्या कापडात बांधलेला! प्रयोगशाळेतले आमचे साहेब म्हणाले, "इतका स्वच्छ पाला शोधूनही मिळायचा नाही." मी म्हटलं, "मावशी कोणाची आहे!"

मावशी, हा पांढरा कोट घालून मी प्रयोगशाळेत मिरवते ना, ते तुझ्या जिवावर. मी एवढीशी असताना तू मला घरी आणलंस आणि आणलंय असं कधी जाणवू दिलं नाहीस. मी अभ्यासाला बसले की दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गप्प करायचीस. तुझे उपकार तोंडावर बोलले असते, तर "पुरे गं शहाणे" म्हणून हाकललं असतंस.

आता आनंदाची बातमी. तू घेतेस त्या पाल्याच्या अर्काचा निकाल लागला. उंदरांच्या रक्तातली साखर उतरली, चरबीही उतरली. तुझ्या रिपोर्टात उतरली अगदी तशीच. म्हणजे तू उगाच बढाया मारत नव्हतीस!

पुढचं लिहायचं तर हात रेंगाळतोय. मध्येच उठून चहा करून आले.

आमच्याकडे उंदरांच्या अंगातल्या गाठी मोजणाऱ्याला कळू देत नाहीत, कुठल्या पिंजऱ्याला अर्क आणि कुठल्याला नुसतं पाणी. पिंजऱ्यांवर फक्त रंगीत पट्ट्या असतात. मोजणारी मीच. निळ्या पट्टीचे उंदीर भारी चपळ, अंगावर तकाकी. मनातल्या मनात मी त्यांना "मावशीचा गट" म्हणायला लागले. त्यांच्या गाठी आवळत चालल्यात असंही मला वाटायचं. काल पट्ट्यांचा उलगडा झाला. माझा लाडका गट नुसत्या पाण्याचा निघाला! आणि आकडे मांडले तर दोन्हीकडच्या गाठी सारख्याच वाढलेल्या. अर्काने रक्त सुधारलं, पण गाठीला ढिम्म काही झालं नाही.

मला जे हवं होतं, तेच मला दिसत होतं. तुझंही तेच चाललंय गं. छातीतली गाठ हाताला मऊ लागते म्हणतेस. "रक्त सुधारलं, आता गाठ कुठे जातेय?" म्हणून ऑपरेशन पुढे ढकललंस. फोनवर विषय काढला की "दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवतेस. किती दूध उतू जातं तुझ्याकडे? शेवटी पत्रच लिहायला बसले.

तुझा पाला खोटा नाही. अर्क घेतेस हे डॉक्टरीणबाईंना सांग आणि त्या म्हणतील तसं कर. पण गाठ काढून घे. आत्ता काढली तर बरी होशील अशी चांगली आशा आहे, असं त्यांनी मला स्वतः सांगितलंय. लांबली तर त्याही शब्द देणार नाहीत.

मी शनिवारी येतेय. नवी तारीख घ्यायला आपण दोघी जाऊ. चिडायचं असेल तर वाटेत चीड, मी ऐकून घेईन.

आई गेली तेव्हा मी लहान होते, मला कोणी काही विचारलं नाही. या वेळी विचार. मी नाही म्हणतेय, मावशी. तुला मी जाऊ देणार नाही.

भाची लिहायला हात धजत नाही, म्हणून
तुझी मुलगी