गॅसचं बटण

मंगळवार, २१ नोव्हेंबर २०१७, तलासरी

एक बटण दाबायचं राहिलं. बस्स, तेवढंच.

झरीच्या मास्तरांची गाडी काल मीच दुरुस्त करून दिली. चढावर धक्के खात होती. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा निघाला, तिन्ही बदलले. चारोटीला माझं स्वतःचं काम होतं, म्हणून ट्रायलही तिथवर नेली, पेट्रोलवर. मस्त चालली. पण मास्तर बटण दाबून गाडी गॅसवर चालवतात. गॅसला ठिणगी जोरदार लागते, ती देणारी कॉइल कमजोर असली तर तिथेच कळतं. हे मला ठाऊक नाही? वीस वर्षं हेच करतोय. मग बटण का नाही दाबलं? गाडी चालतेय ना, आता कोण पुन्हा खोलणार, म्हणून.

आज ते बायकोला डायलिसिसला वापीला नेत होते. पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. फोन आला तसा कॉइल घेऊन गेलो. बाई कठड्याला टेकून बसल्या होत्या. पाय सुजलेले, धाप लागलेली. आणि मी मास्तरांना काय म्हणालो, तर "पेट्रोलवर टाकायची होतीत."

"पेट्रोल होतं तेवढं तुमच्या ट्रायलला गेलं, मिस्त्री."

रागावले असते तर बरं झालं असतं.

कॉइल बदलली. या वेळी बटण दाबून पाहिलं. पण ते वापीला पोचेपर्यंत नंबर गेला होता. उद्या या, असं सांगितलं म्हणे.

आडवं झालं की बाईंना श्वास पुरत नाही. आजची रात्र त्या बसून काढतील.