वाजणारा कीबोर्ड

सावेडी, अहमदनगर
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

प्रिय वृषाली,

सप्रेम जयभीम. परवा फोनवर तू हसलीस. म्हणालीस, आई, कीबोर्ड ही काय निवडायची गोष्ट आहे का, दुकानदार देईल तो घे. पीसीओत माझ्या मागे चार माणसं ताटकळत होती, म्हणून मी नुसतं हं म्हणून फोन ठेवला. पण बाळा, तू कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतेस म्हणून सांगते, वीस वर्षं टायपिंग करणाऱ्या बाईला कीबोर्ड निवडावाच लागतो. साडी घेताना मी कधी दोन दुकानं फिरले नाही, कीबोर्डसाठी मात्र तीन वेळा चेतनच्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या पायऱ्या चढले. का ते सगळं लिहिते. जरा निवांत बस आणि वाच, मेसमध्ये जेवता जेवता वाचू नकोस.

आमच्या आबासाहेब वकिलांनी दसऱ्याला ऑफिसात कॉम्प्युटर आणला हे तुला माहीत आहे. छगन शिपायाने झेंडूची माळ घातली आणि नारळ असा फोडला की निम्मं पाणी मॉनिटरवर. माझं जुनं मशीन जिन्याखाली गेलं. तेव्हा मला फार वाईट वाटलं नाही, कारण मराठी अक्षरं कॉम्प्युटरवरही टाइपरायटरसारखी त्याच जागी आहेत, आठवड्यात हात बसला. पण त्याच्याबरोबर आलेला कीबोर्ड म्हणजे नुसती भिजवलेली कणीक. बोट आत जातं, वर येतं, पण अक्षर उठलं की नाही याचा पत्ता नाही. टाइपरायटर कसा, एकेका अक्षराला खाडकन उत्तर द्यायचा.

त्यात माझी चूक झाली. एका खरेदीखतात गट नंबर ३०९ चा ३० झाला. नऊ उठलाच नाही आणि मलाही कळलं नाही. तो माणूस पहाटेच्या एसटीने खर्ड्याहून आलेला, साक्षीदार बरोबर, आणि कचेरीतून दस्त परत. आबासाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, जयमालाबाई, तुमच्याकडून असं कधी होत नव्हतं. त्यानंतर पंधरा दिवसांत आणखी दोन कागद परत आले. आबासाहेबांची भाचेसून कॉम्प्युटर शिकलेली आहे, घरीच असते, हे त्यांनी बोलता बोलता दोनदा सांगितलं. तुझे पप्पा गेल्यापासून या घराचं जे काही चाललंय ते याच दहा बोटांवर, आणि तुझं अजून दीड वर्ष राहिलंय. मला भीती वाटते, वृषाली.

म्हणून चेतनकडे गेले. त्याने तीन कीबोर्ड मांडले. पहिला आमच्या ऑफिसातल्यासारखाच मऊ, सगळ्यात स्वस्त, तो मी हातातही घेतला नाही. दुसरा नवाकोरा, त्यात प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग आणि वेगळा खटका, दाबलं की टिक असा स्वच्छ आवाज. बोट लावल्याबरोबर मला शामकांत सरांचा टायपिंग क्लास आठवला. पण किंमत ऐकून मी तो हळूच परत सरकवला. तिसरा कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला, पिवळा पडलेला, विटेसारखा जड, पण खटके तसेच आणि आवाज नव्यापेक्षाही मोठा. चारशे रुपये. एक बटण बसलेलं होतं, ते बदलून देतो म्हणाला. वर मला समजवायला लागला, “मावशी, ह्यो नका घेऊ. लई वाजतो. लोकं आवाजाला कटाळून माझ्याकडं आणून टाकतात.” मी म्हटलं, वाजू दे, मला वाजणाराच हवा, टाइपरायटरची सवय आहे.

सवयीचं खोटं होतं. घरी येईपर्यंत ते खोटं मला बोचत राहिलं, आणि आता तुझ्याशीही तेच बोलत बसले तर या पत्राला काही अर्थ नाही. माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांना काही कळत नाही. म्हणजे दुखत नाहीत, सुजलेली नाहीत, कळतच नाही. बटणावर बोट आहे की हवेत आहे ते बघावं लागतं. आणि जी बाई कीबोर्डकडे बघत टाइप करते ती टायपिस्ट कसली? म्हणून मला आवाज हवा. बोटाला नाही तर नाही, कानाला तरी कळेल की नऊ उठला.

हे आजचं नाही. वर्ष होऊन गेलं. तू म्हणशील, वर्षभर काय केलंस? तर शामकांत सरांनी शिकवलं ते केलं. सर आम्हा मुलींच्या हातांवर पुठ्ठा धरायचे आणि पहिल्याच दिवशी सांगायचे की अक्षर चुकलं तर बोटाला दोष द्यायचा नाही, आधी मशीन बघायचं. ब्रश घ्या, टाइप पुसा, रिबन बघा, तेल सोडा. मुली घाबरून हळू होऊ नयेत म्हणून ते सांगायचे. एरवी लोक म्हणतात नाचता येईना अंगण वाकडं, आमच्या क्लासात अंगण वाकडं आहे असंच धरून चालायचं. मी वर्षभर तेच करत बसले. मशीनला तेल घातलं, रिबन बदलली, मग मशीन गेलं आणि कॉम्प्युटर आला, तर कीबोर्डला दोष दिला. हात उलटून बघायचं मी टाळलं.

दिवाळीत तू आली होतीस तेव्हा माझ्या करंगळीला पट्टी होती, आठवतंय? तुला सांगितलं विळी लागली. विळी नव्हे. भाकरी उलटताना बोट तव्याला टेकलं होतं आणि तसंच राहिलं. मला वास आला म्हणून कळलं, वृषाली. आधी वाटलं भाकरीच करपली. नंतर मी कितीतरी वेळ ओट्याला धरून उभी होते. मग पट्टी बांधली, तरी बोट गप्पच.

त्या बोटांच्या वर, मनगटाच्या वरच्या अंगाला एक फिकट डाग आहे. तो दोन वर्षांचा असेल. बांगड्यांखाली झाकतो. उन्हाने झालाय, साबणाने झालाय, असं मी मला समजावत आले. पण मला ठाऊक होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी वरच्या चार पैशांसाठी आरोग्य खात्याच्या पाहणीचा फॉर्म मी स्टेन्सिलवर टाइप केला होता, शाईने हात बरबटून त्याच्या प्रतीही मीच काढल्या होत्या. अंगावर फिकट डाग आहे का. डागावर कापूस फिरवला तर कळतो का. कोपराजवळची शीर जाड लागते का. मी डाव्या हाताने कोपर चाचपलं. शीर दोरीसारखी लागली.

लंकाबाईबद्दल तुला कधी सांगितलं नाही. खर्ड्यात आपल्या वस्तीच्याही पलीकडे, बाभळीखाली तिचं खोपटं होतं. गावाने आपल्याला बाहेर ठेवलं आणि आपण तिला आपल्याही बाहेर ठेवलं. तुझी आजी सुमनबाई भाकरी दगडावर ठेवून मागे सरायची आणि मला म्हणायची, “तिकडं बगू नगं, रगतपिती हाय तिला.” मी बघायचे. ती बाई दोन्ही तळहातांत भाकरी दाबून उचलायची. आता छगन मला सगळ्यांच्या पेल्यातून पाणी देतो तेव्हा माझ्या मनात येतं, हे कळलं तर हा पेला कुठे ठेवतील? तुझ्या आजोबांनी, कचरूबाबांनी, मला टायपिंगला घातलं ते कुणाच्या पेल्याकडे बघायची वेळ येऊ नये म्हणून. एकदा सुटले होते मी त्यातून.

गेल्या सोमवारी दवाखान्यात गेले होते. केसपेपर काढायच्या रांगेत समोरच्या राहीबाई दिसल्या. इकडं कुठं म्हणाल्या. मी म्हटलं, ऑफिसच्या कामाला आले. आणि वळले, फाटकाबाहेर केळी घेतली, घरी आले आणि दार लावून रडले. आजार औषधाने बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, हे त्या फॉर्मच्या खालीच लिहिलेलं होतं, मीच टाइप केलेलं. दुसऱ्यासाठी ते पटतं गं.

चेतन बुधवारपर्यंत तो कीबोर्ड ठेवतो म्हणालाय. घेईन किंवा नाही. पत्र त्यासाठी नाही. कुष्ठरोग हा शब्द लिहायला मला इतकी पानं लागली, तर आता पुढचंही लिहून टाकते. त्या फॉर्मवर शेवटचा एक रकाना होता, रुग्णाबरोबर घरात राहणाऱ्या माणसांची तपासणी केली का. माझ्या घरात तू एकटीच. दहावीपर्यंत तू माझ्या गोधडीत झोपलीस, तुझी वेणी मी या हातांनी घातली, अजून सुट्टीत येतेस तेव्हा माझ्याच ताटात जेवतेस. माझं काय व्हायचं ते होवो, पण तुझ्या नावाने त्या रकान्यात काही लिहायची वेळ आली तर मी काय करू? म्हणून एवढं कर. जिच्यावर विश्वास आहे अशा मैत्रिणीला पाठ दाखव, पाठ आपली आपल्याला दिसत नाही. कुठे फिकट डाग असेल तर तिला कापूस फिरवून बघू दे. डाग असो नसो, तिथल्या मोठ्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखव, लाजू नकोस, आईला आहे असं सरळ सांग. मी मंगळवारी रजा टाकली आहे, राहीबाई दिसल्या तरी रांग सोडणार नाही. तुझं काही नसलं तर कार्डावर नुसतं ‘नाही’ लिहून पाठव, मला पुरे. काही असलं तर लिहू नकोस, फोनही करू नकोस. मिळेल त्या एसटीने घरी ये, दोघी बरोबर जाऊ.

पोस्टमनची वाट बघणारी,
तुझीच,
आई