हा अर्धा कुठून आला?

१६ जून, सोमवार. दुपार.
आजचा दिवस लक्षात ठेवायचा. अकरावीचे फिजिक्सचे सर दुसऱ्या क्लासला पळाले. आमच्या क्लासचे मालक कारभारी सर यांनी स्टाफरूममध्ये विचारलं, अकरावी कोण घेतंय? केमिस्ट्रीच्या विशाखा मॅडम मोबाईल बघायला लागल्या. मी हात वर केला.

तीन वर्षं नववीचं विज्ञान शिकवतोय. म्हणजे तलवारीने कांदे चिरतोय.

सर म्हणाले, सुदर्शन सर, दोन आठवडे घेऊन बघा, शेवटच्या शनिवारी मी स्वतः मागे बसून ऐकेन. जमलं तर बॅच तुमची, आणि टी.व्ही. सेंटरच्या चौकातल्या फ्लेक्सवर फोटो. जमणारच. फोटोत कोट घालावा की नुसता शर्ट, हे ठरवायचं आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
औरंगपुऱ्यातून जाड रेफरन्स बुक आणलं. कव्हर घातलं. चार रंगांचे हायलायटर घेतले.
संकल्प: सगळी मूलभूत समीकरणं नुसती पाठ करायची नाहीत, समजून घ्यायची. गतीची तीन, एका दिवसात. न्यूटन, दोन दिवस. ऊर्जा, रविवारी. E = mc² दिवाळीत, निवांत.

रूममेट संघपालला टाइमटेबल दाखवलं. तो बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतो, त्यामुळे त्याला कशाचंच कौतुक नसतं. म्हणाला, भिंतीवर लावलंस ते बरं केलंस, आता पुस्तकपण उघड.

गावी पिशोरला फोन करून आईला फ्लेक्सचं सांगितलं. ती म्हणाली, "लागला की सांग. मी आन् वच्छलामावशी येतो बघायला."

१७ जून, मंगळवार.
पहिलं लेक्चर. उत्तम. तिन्ही समीकरणं फळ्यावर लिहिली, भोवती लाल खडूने चौकटी केल्या, पाठ करा म्हणालो. मुलं भारावली होती (शांत होती).

शेवटी पहिल्या बाकावरची प्रेरणा उभी राहिली. सिल्लोडची आहे, इथे हॉस्टेलला राहते. s = ut + ½at² कडे बोट करून म्हणाली, "सर, हा अर्धा कुठनं आला?"

चांगला प्रश्न, असं मी म्हणालो. उद्या बघू, असंही म्हणालो.
नववीत असलं कोणी कधी विचारलं नाही. नववीच्या मुलांवर संस्कार चांगले आहेत.

१८ जून, बुधवार.
पुस्तक उघडलं. एक आलेख आहे. तिरकी रेघ, तिच्याखाली त्रिकोण, त्रिकोणात बारीक रेघोट्या. फिजिक्समध्ये भूमिती घुसवायची काही गरज नव्हती. सगळं पान पिवळं करून ठेवलं. तेवढ्यात संघपालने मिरचीची फोडणी दिली. डोळे चुरचुरले. अशा वातावरणात अभ्यास होत नसतो.

वर्गात प्रेरणाने पुन्हा तेच विचारलं. मी सांगितलं, अर्धा हा स्थिरांक आहे. स्थिरांक कुठून येत नसतात, ते असतात. त्यावर म्हणते, "मग पाव का नाय? पाऊण का नाय?"
तिला बसवलं. शिस्त हवी.

२० जून, शुक्रवार.
मोठं यश. F = ma साठी त्रिकोण शिकवला. वर F, खाली m आणि a. पाहिजे ते अक्षर बोटाने झाकायचं, उरलेलं ते उत्तर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळं फिजिक्स असं त्रिकोणात बसवायचं ठरवलंय. (v = u + at मध्ये चार अक्षरं आहेत. तिथे चौकोन लागेल.)

s = ut + ½at² मात्र कशातच बसत नाही. या समीकरणाला उगाच डोक्यावर बसवून ठेवलंय असं माझं मत होत चाललंय.

आईचा फोन. तिला म्हणालो, एक पोरगी रोज एकच गोष्ट विचारून पिडते. म्हणाली, "विचारती तर सांगून टाक की रं." आईला या क्षेत्राची कल्पना नाही.

२२ जून, रविवार. सकाळी सात.
पुस्तकी किडे प्रयोग करत नाहीत. मी करणार.

साडेनऊ.
प्रयोग झाला. लष्कराच्या छावणीतला सरळ, मोकळा रस्ता. स्कूटीवर मी, मागे संघपाल, त्याच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. खडूच्या रेघेवरून निघालो, वेग एकसारखा वाढवत नेला. दहाव्या सेकंदाला काटा बरोबर छत्तीसवर, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. दहा सेकंद, दहाचा वेग. शंभर मीटर व्हायला हवेत.

दोरीने मोजलं. पन्नास! तीनदा केलं, तिन्ही वेळा पन्नासच्याच आसपास. एका जवानाने विचारलं, क्या नाप रहे हो? फिजिक्स, म्हणालो. त्याने ते दुसरीकडे नापायला सांगितलं.

निम्मं अंतर गायब. निष्कर्ष उघड आहे: स्कूटीचं पिकअप गेलंय. संघपाल परत येताना, "अरे, तू सुरुवातीला..." असं काहीतरी सांगायला लागला होता, पण तो बी.ए. आहे.

२३ जून, सोमवार.
गाडी गॅरेजला नेली. इर्शादभाईंनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "गाडी में कुच नुक्स नै सर. मक्खन है." मी म्हणालो, अर्धं अंतर कमी पडतंय. ते बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिले. तरी सर्व्हिसिंग करून घेतलं.

प्रेरणाला सांगितलं, प्रश्नावर काम सुरू आहे.

२५ जून, बुधवार.
सर्व्हिसिंगनंतरही पन्नास! मग संघपालच्या मित्राची कोरी मोटरसायकल आणली, तीही दहाव्या सेकंदाला छत्तीसवर नेली. तिचेही पन्नास!

आणि तिथेच, छावणीच्या रस्त्यावर, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुनी गाडी असो, नवी असो, निम्मंच पदरात पडतं. मग बाकीचं निम्मं कुठे जातं? घर्षणात! टायर घासतात, चेन घासते, अर्धं अंतर त्यातच खर्ची पडतं. म्हणून तो ½. एवढ्या जाड पुस्तकात हे कुठेच दिलेलं नाही.

शोधनिबंध लिहावा का? आधी फ्लेक्स. कोट उसना मिळाला आहे.

२८ जून, शनिवार.
आज निर्णायक लेक्चर. कारभारी सर शेवटच्या बाकावर. मी स्कूटीपासून मोटरसायकलपर्यंत सगळा प्रयोग सांगितला, फळ्यावर छावणीचा रस्ता काढला आणि जाहीर केलं: अर्धा घर्षणात जातो.

प्रेरणा उठली. "सर, वरून दगड सोडला तरी अर्धाच घेत्यात. तिथं काय घासतं?" मी म्हणालो, हवा. म्हणाली, "चंद्रावर तर हवा नाय." चंद्र अभ्यासक्रमात नाही, असं मी सांगणार होतो, पण कारभारी सर म्हणाले, पुढे ये बाळ, तुला काय म्हणायचंय ते लिही.

तिने माझेच आकडे घेतले. "सर, तुमची गाडी आधी थांबलेली होती. म्हणजे शून्य. शेवटाला दहा. दहाचा वेग तर शेवटालाच होता ना, सगळा वेळ कुठं होता? मधला धरायचा, पाच. पाचनं दहा सेकंद, पन्नास. सर, तुमची गाडी एकदम बरोबर हाय! अर्धा इथनंच आलाय!"

वर्ग टाळ्यांनी दणाणला. कारभारी सरांनीही वाजवल्या. मीही वाजवल्या.

उत्तर विद्यार्थ्यांच्याच तोंडून काढून घेणं, हीच अध्यापनाची सर्वोच्च पद्धत. सरांच्या ते लक्षात आलं असणार. जाताना म्हणाले, "सोमवारी बोलू." आईला फोन करून टाकला: बुधवारी ये.

३० जून, सोमवार.
बोलणं झालं. अकरावीला बाहेरून नवे सर येताहेत. सर म्हणाले, तुमचा आवाज मोठा आहे, शिस्त चांगली आहे, नववीला तुमची गरज आहे. हे तात्पुरतं असावं. चांगला माणूस खालच्या वर्गात लागतोच, पाया भक्कम हवा.

आईला कळवायचं होतं. रेंज नव्हती.

१ जुलै, मंगळवार.
रेंज होती. पण कपडे धुवायचे होते. कोट परत केला.

२ जुलै, बुधवार.
आई आणि वच्छलामावशी सकाळच्या बसने आल्या. मी स्टँडवरच म्हणालो, आधी जेवू, मग पाणचक्की बघू, ऊनही फार आहे. आई म्हणाली, "आधी फलेक्स."

चौकात गेलो. फ्लेक्स मोठा आहे. मधोमध नवे सर, हाताची घडी घालून. बाजूला विशाखा मॅडम. खाली ओळीने मुलं. मावशी लगेच म्हणाली, "ह्यो काय तू नाय." आईने रस्त्याच्या कडेला उभं राहून एकेक चेहरा बघितला, अगदी खालच्या मुलांचेसुद्धा. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. मला फार वाईट वाटलं. बॅच नव्या सरांना दिलीय, एवढं सांगून टाकलं.

बरं, म्हणाली. मग शेअर रिक्षाची वाट बघत असताना तिने विचारलं, "त्या पोरीच्या अर्ध्याचं काय झालं? घावलं का?"

मग मी तिला समजावलं. म्हणालो, तुमची बस स्टँडातून निघते तेव्हा रांगते. मग वेग घेत जाते. शेवटचा वेग पहिल्यापासूनच होता असं धरलं, तर हिशोब चुकतो. थांबलेली होती तेव्हाचा शून्य आणि शेवटचा, त्यांच्या मधला धरायचा. म्हणून अर्धा. मावशीसुद्धा मान डोलवत होती. चांगलं समजावलं मी.

आई म्हणाली, "एवढं सोपं व्हतं, तर पैल्याच दिशी का नाय सांगितलं पोरीला?"

तेवढ्यात रिक्षा आली, त्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं.

रिक्षा यायला तसा बराच वेळ लागला.