सत्काराआधी

६ नोव्हेंबर
सकाळी देवापुढे दिवा लावला आणि फोन बंद करून कपाटात ठेवला. कल्याणच्या संस्थेतल्या बाई सारख्या विचारत आहेत. गावाच्या भल्यासाठी खरं बोलणाऱ्याला ते दरवर्षी पुरस्कार देतात – यंदा माझं नाव! येतो की नाही, एवढंच सांगायचं आहे. तेवढंच जमत नाही.

कमळ म्हणाली, "फोनला कशाला कोंडलाय? ती बाई काय आतून येऊन चावनार हाय?"

हसलो. पण बायकोच ती. कुठे अडतंय ते तिला ठाऊक आहे.

७ नोव्हेंबर
पाण्याच्या टाकीकडे गेलो. पहिली टाकी माझ्या चुलत भावाने, कुंडलिकदादाने, बांधायला घेतली होती. गवंडीकाम माझं. सळई त्याने अर्धीच घालायला लावली. खाली शाळेचं अंगण – पोरं तिथेच खेळतात. ग्रामसभेत उभा राहिलो आणि सांगून टाकलं. ती टाकी पाडली, ही नवी झाली. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाही.

शाल घेतली तर उरलंसुरलं नातंही तुटेल. नाही घेतली, तर गाव म्हणेल – खोटंच बोलला होता.

शेजारची हौसा नळावर हंडा भरत होती. "भाऊ, पेपरात फोटू येनार ना? जरा हसून काढा. नायतर लोकांना वाटंल, टाकी तुमच्याच डोक्यात पडली!"

पाणी मात्र छान येतं. बघत उभा राहिलो.

९ नोव्हेंबर
दादाच्या खळ्यावर भाताची झोडणी. सगळी भावकी होती. मला बोलावणं नाही.

१० नोव्हेंबर
बराच वेळ देवासमोर बसलो. देव बोलला नाही, कमळ बोलली – "खरं बोलताना दादांना इचारलं नाय, बरंच केलं. मान घेताना तरी सांगा."

१२ नोव्हेंबर
बाईंना कळवलं – येतो.

मग ताटलीत अक्षता घेतल्या, लग्नाच्या आवतणाला घेतो तशा. पहिल्या गावदेवाला वाहिल्या. दुसऱ्या घेऊन थेट दादाच्या दारात.

"दादा, रविवारी सत्कार हाय माझा. घरचा थोरला म्हनून चल."

"माझंच नाक कापलंस, आनि वर मलाच आवतन?"

"तुला सोडून आधी कोनाला देऊ?"

दारात आलेली अक्षत आमच्याकडे कोणी परत पाठवत नाही. पण पाठवली असती तरी मी सत्काराला गेलोच असतो.

येतो म्हणाला नाही. हात मात्र पुढे केला. मी अक्षता ठेवल्या – आणि त्याने मूठ मिटली.