मृणालीचे पाय जमिनीला लावल्याबद्दल

गांधीधाम,
मंगळवार (तारीख मालकाच्या कॅलेंडरवर आहे आणि कॅलेंडर गुजरातीत आहे)

तीर्थरूप केसरीनाथ तात्यांना, त्यांच्या सुनेचा, म्हणजे कमळताईचा, भाऊ प्रितेश याचा लांबूनच पायांवर डोकं ठेवून नमस्कार. लांबूनच, कारण अंजूरच्या हद्दीत परत दिसलास तर तंगडी मोडीन असं तुम्हीच सांगितलंय, आणि मोठ्यांचं मी सगळं नाही तरी तंगडीबद्दलचं ऐकतो.

आधी चष्मा लावा. नेहमीच्या जागी सापडणार नाही, पण ओरडू नका, तुम्हाला बीपी आहे. बसल्या जागेवरून मागा, कोणीतरी आणून देईल. (चष्म्याशिवाय तुम्हाला हे वाचताच येणार नाही, हे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हणजे तुम्ही वाचताय तर चष्मा मिळालेला आहे. कोणी आणून दिला तेवढं डोक्यात ठेवा. शेवटी विचारणार आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? राहीकाकींची कंबर? आम्रपाली आंब्याला मोहोर टिकला का? मी इथे बरा आहे. कंटेनरच्या यार्डात फोर्कलिफ्ट चालवतो. चारी बाजूंना मीठ आहे, पण जेवणात सगळे साखर घालतात. डाळीत साखर, भाजीत साखर. सुकटीचं नाव काढलं तर आमचा खोलीमालक हात जोडतो. अंजूरच्या खाडीतल्या निवट्या, त्या चिखलात उड्या मारणाऱ्या मासळ्या, तर स्वप्नात येतात आणि स्वप्नातसुद्धा माझ्या हातून सटकतात.

तर विषय असा. कमळताई फोनवर म्हणाली, तात्या म्हणतात प्रितेशने लेखी माफी मागितल्याशिवाय त्याला घरात घ्यायचं नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेतला. माझं शिक्षण आठवीत थांबलं (म्हणजे मी थांबलो, शिक्षण पुढे गेलं), त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची माफी इथेच मागून टाकतो. दुसरी माफी खाली कुठेतरी आहे. ती वाचल्याशिवाय पत्र चुलीत घालू नका.

तुम्हाला माहीत असलेलंच परत सांगतो, कारण तुम्ही त्यातलं अर्धंच लक्षात ठेवलंय. दिवाळी झाली आणि ताईच्या मृणालीला ताप आला. ताप गेला, पण जाताना पाय घेऊन गेला. सकाळी तिच्या हातून दुधाचा पेला पडला, दुपारी ती ओट्यावरून उतरताना बसली ती उठलीच नाही, आणि दोन दिवसांत तिच्या घशात नळी आणि छातीला मशीन. साडेपाच वर्षांची पोर. डॉक्टरांनी सांगितलं की शरीरातले शिपाई रोगाशी लढता लढता चुकून आपल्याच नसांवर तुटून पडलेत. त्या आजाराचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण तुम्ही तिथेच म्हणालात, ‘म्हंजी भावबंदकी.’ डॉक्टरांना कळलं नाही, मला लगेच कळलं. आपल्याकडे जमिनी गोडाऊनला गेल्यापासून सगळ्यांनाच कळतं.

आणि त्याच जागी, आयसीयूच्या काचेसमोर, तुम्ही वज्रेश्वरीला नवस बोललात. पोरगी वाचू दे, मी तिला माझ्या खांद्यावर बसवून पायऱ्या चढीन, आणि तोवर तिचा पाय जमिनीला लावणार नाही. मी बाजूला उभा होतो. तुमचा आवाज फाटला होता. त्या नवसाला मी हसत नाही, तात्या. हसणाऱ्याला मीच पहिला धरीन.

पण पुढे काय झालं? पोरगी वाचली, नळी निघाली, घरी आली. आणि तुमचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला पायऱ्या बंद. म्हणजे तुमचा गुडघा बरा झाल्याशिवाय नवस फिटणार नाही, आणि नवस फिटल्याशिवाय तिचे पाय जमिनीला लागणार नाहीत. गुडघा तुमचा, शिक्षा तिला! सकाळी ताईच्या कडेवर, दुपारी आजीच्या, म्हणजे राहीकाकींच्या, मांडीवर, संध्याकाळी तुमच्या झोपाळ्यावर. घरात पोरगी नाही, पालखी फिरत होती. पाणी तोंडाशी, जेवण तोंडाशी, माशी बसली तर हाकलायला दुसरा माणूस.

भिवंडीहून त्या आसावरी मॅडम यायच्या, व्यायामवाल्या. त्यांनी किती समजावलं. नसा हळूहळू परत येतात, पण पायांना काम दिलं नाही तर पाय आपलं काम विसरतात. दमवायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं, पण रोज उभं करायचं, धरून चालवायचं. तुम्ही त्यांना चहा दिलात, वर पोहे दिलेत, आणि म्हणालात, ‘मॅडम, काय व्यायाम घ्याचा तो बसून घ्या. देवीच्या आधी पाय टेकनार न्हाय.’ मॅडमनी पोहे संपवले (वाया घालवणाऱ्यातल्या नाहीत) आणि सांगितलं, मग मला बोलावू नका. तुम्ही खरंच बोलावलं नाहीत.

मी तेव्हा रजेवर होतो, आणि रिकामा बसलो की माझे हातपाय शिवशिवतात हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी ठरवलं, पोरीला पळवायचं.

रोज दुपारी मी सांगायचो की खाडीवर निवट्या धरायला जातो, पोरीला पण जरा हवा लागेल. तुम्ही निवट्यांचं नाव ऐकलंत की दुसरा प्रश्न विचारत नाही. ताईची ओढणी घेऊन मृणालीला माझ्या पोटाशी बांधायचो आणि मोटरसायकल खाडीकडे नाही, तुमच्याच गोडाऊनकडे वळवायचो. तो तुम्ही ऑनलाइनवाल्यांना भाड्याने दिलेला गाळा. मागचा अर्धा भाग मोकळा, आणि लादी अशी की पळीभर पाणी सांडलं तर दारापर्यंत जाईल. (निवट्या येताना भिवंडीच्या मार्केटातून घ्यायचो. तुम्ही बोटं चाटून म्हणायचात, खाडीवरून थेट आलेल्या मालाची चवच वेगळी. असू दे.)

आसावरी मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. त्या म्हणाल्या, धरून चालायला काहीतरी पाहिजे, तिच्या छातीएवढं. तिथे माल न्यायची ट्रॉली होती, पुढे दांडा, खाली चाकं. मी म्हटलं, झालं काम. मॅडम म्हणत होत्या, थांबा, रिकामी नको. पण मी आठवी. मृणालीने दांडा धरला, ट्रॉली सुटली, मी तिला पकडायला पुढे उडी मारली, तिला पकडलं आणि ट्रॉलीने मला पकडलं. पुढचा दात हलतो तो तेव्हापासून (तुम्हाला मी कणसाचं कारण सांगितलं होतं). आणि ती पोरगी, महिनाभर जिच्या घशातून नीट आवाज निघत नव्हता, ती खदखदून हसली. मॅडम फोनमध्ये ओरडत होत्या आणि मी लादीवर पडून ते हसणं ऐकत होतो.

मग मॅडमच्या सांगण्याने ट्रॉलीवर वजन ठेवलं, तशी ती जड झाली आणि पळायची थांबली. पहिल्या दिवशी मृणाली नुसती दांडा धरून थरथरत उभी राहिली आणि ट्रॉलीला शिव्या दिल्या. (शिव्या तुमच्याच. झोपाळ्यावर बसून शिकलेली आहे.) मग एक पाऊल टाकलं, बसली. मी उचलायला गेलो तर म्हणाली, ‘हात नको लावू, मामा. मी काय पार्सल हाय?’ हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे तेच झालं.

काही दिवसांनी ती ट्रॉली धरून खांबापर्यंत जाऊन परत यायला लागली. तुम्ही मला हाकललंत त्या दिवशी मला घाई होती, म्हणून वजनाला मी जवळचीच खोकी उचलून ठेवली. ती प्रेशर कुकरची निघाली, आणि गाडीत भरायला काढून ठेवलेली. मृणाली दमली म्हणून मी तिला खोक्यांवर बसवलं आणि पाणी आणायला गेलो. तेवढ्यात तिने एका खोक्यावरचं स्टिकर सोलून टिकली म्हणून कपाळाला लावलं. तिकडून लोडिंगवाला भैया आला आणि हातातल्या स्टिकर वाचायच्या मशीनने एकेका खोक्यावर टूक टूक करत आला. एक खोकं बिनस्टिकरचं, आणि एका पोरीला स्टिकर. त्याने गंमत म्हणून तिच्या कपाळावर टूक केलं. कॉम्प्युटरला गंमत कळत नाही. त्याने लिहून घेतलं: कुकर, पाच लिटर, गेटवर रवाना.

खोकी गाडीत गेली आणि गाडी गेली. मी मृणालीला घेऊन निघालो तर गेटवर वॉचमन पंढरी आडवा. म्हणतो, कॉम्प्युटरमध्ये एक कुकर गेटवर उभा दिसतोय, गेटपास दाखवा. मी म्हटलं, अरे ही तात्यांची नात. तो म्हणाला, असेल, पण स्टॉकमध्ये आहे. गेटपास बनवणारा बाबू जेवायला शेजारच्या कोन गावाला गेलेला. मी पंढरीला दमात घेतलं, हातापाया पडलो, तुमचं नाव सांगितलं. तुमचं नाव सांगितल्यावर तर तो जास्तच ताठ झाला. म्हणाला, तात्यांनीच सांगून ठेवलंय, ‘माजा बापूस आला तरी गेटपासशिवाय सोडू नुको.’ तात्या, हे तुमचे नियम! एकदा तोंडातून निघाले की तुमच्याच नातीला कुकर करून ठेवतात.

मृणाली मात्र खूश. माझ्या कडेवरून उतरली, गेटचा पाइप धरला आणि पंढरीला म्हणाली, ‘मी कुकर हाय. शिट्टी झाली की जाईन.’ आणि शिट्ट्या मारायला लागली. जिच्या छातीला मशीन लावून श्वास दिला होता ती! लोडिंगवाले जमले. एक जण म्हणाला, ‘भाई, दाल पक गई, अब तो छोड़ दो.’ पंढरीलासुद्धा हसू येत होतं, पण त्याने मिशीत दाबलं आणि मालकाला फोन लावला. म्हणजे तुम्हाला.

तुम्ही आलात. लंगडत, रिक्षाने, चपला उलट्या घालून. तुम्हाला तिच्या कपाळावरचं स्टिकर दिसलं. मी दिसलो. पंढरी दिसला. तुम्ही तिला झटक्यात उचललंत, मला सगळ्या गोडाऊनसमोर जे बोलायचं ते बोललात आणि गेलात.

ती उभी होती, तात्या. पाइपावरचा हात काढून तुम्हाला हात करत होती. कोणी धरलेलं नव्हतं. तुम्ही कपाळ बघितलंत, पाय बघितले नाहीत. मला शिव्या दिल्यात त्याचं काही नाही, मला शिव्यांची सवय आहे. पण तिने तेवढं सगळं तुम्हाला दाखवायला ठेवलं होतं, आणि तुम्ही बघितलं नाहीत.

म्हणून माफी अशी. ज्या बाईचा कुकर माझ्यामुळे बिनस्टिकरचा गेला आणि कुठल्या गावाला भटकला कोण जाणे, त्या बाईची मी हात जोडून माफी मागतो. तिच्या घरची डाळ त्या दिवशी कच्ची राहिली असेल. बाकी कशाची मागत नाही. परत रजा मिळाली तर परत पळवीन. नवस मोडला म्हणता, तर तो मी मोडला, पाप माझ्या खात्यावर. पोरीचे पाय मधे आणू नका. आणि देवीबद्दल म्हणाल तर ती डोंगरातली बाई आहे, हातात वज्र धरणारी. लेकरू चाललं म्हणून ती रागावेल, हे तुम्ही कसं ठरवलंत?

राहीकाकींना नमस्कार, ताईला आणि भावोजींना आठवण, पंढरीला सांगा की राग नाही.

तुमचा (तुम्ही म्हणा न म्हणा),
प्रितेश

ता. क. मीसुद्धा वज्रेश्वरीला नवस बोललोय. मृणाली स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढली तर मी जन्मभर निवट्या खाणार नाही. म्हणजे आता देवीसमोर तुमचा एक नवस आणि माझा एक. तुमच्यात तुम्ही तिला उचलायचं आहे, माझ्यात मी जिवावरचं सोडायचं आहे. कोणाचा भारी ते तिला ठरवू द्या.

ता. क. २. खरं मागणं हे. आसावरी मॅडमना परत बोलवा. जूनमध्ये शाळेत नाव घाला. आणि वज्रेश्वरीला उद्या नाही, परवा नाही, मॅडम हो म्हणतील तेव्हा जा. खाली पायऱ्यांशी तिला खांद्यावरून उतरवा. एका हाताने तिने तुम्हाला धरावं, एका हाताने तुम्ही कठडा. ती दमली की थांबा, तुमचा गुडघा दुखला की थांबा. दुखणेकरी दोघं आहात, कोणी कोणाला नेलं ते देवी बघून घेईल. पहिल्या पायरीवरून परत आलात तरी चालेल, पण ती पायरी तिची असू दे.

ता. क. ३. आता चष्म्याचं. पोस्टमन पत्र देईल त्या दिवशी चष्मा मागच्या पडवीत तांदळाच्या पिंपावर जाऊन बसेल, असं आमचं व्हिडिओ कॉलवर ठरलेलं आहे. तुम्ही हाक मारली की ताई म्हणणार हात पिठात आहेत. भावोजी म्हणणार मी अंघोळीला. राहीकाकी म्हणणार माजी कंबर. (होय, काकीसुद्धा. तुम्ही दुपारी झोपलात की पडवीत भिंत धरून धरून रोजचा सराव कोण घेतं, असं तुम्हाला वाटतं?) म्हणजे घरात एकच माणूस रिकामं राहिलं.

ती अजून तुमच्या समोरच उभी असेल. लगेच उचलू नका. चष्मा लावलेलाच आहे, तात्या. या वेळी खाली बघा.