हद्दीवरची साखर

३ मार्च

सौ. राणीसरकार यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घाबरू नकोस म्हणून आधीच सांगतो, मी धडधाकट आहे. कंपनीच्या डॉक्टरने रक्त तपासलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. साखर अगदी हद्दीवर आहे म्हणे. अजून मधुमेह नाही, पण असाच बसून खात राहिलो तर होईल. तीन महिन्यांत आकडा उतरला नाही तर मला क्रेनवरून उतरवून गोदामात टाकणार. बावीस वर्षं त्या केबिनमध्ये काढली, आता खाली येऊन काय पोती मोजू?

तेव्हा दोरीच्या बादलीतून वर येणारा गोड चहा बंद, जॅम-पाव बंद. रोज संध्याकाळी तासभर धक्क्यावर चालायचं. खोलीत साठवलेल्या जॅमच्या सहा बाटल्या आणि बिस्किटांचे डबे रजेवर निघालेल्या आमच्या वेल्डरबरोबर पाठवतोय. वाया कशाला घालवायचे? तू खा, माझी आठवण काढून.

जीव लावतेसच, तसाच लावत राहा.
तुझाच,
अहो

१९ मार्च

ती. अहो यांस,
सा. न. वि. वि.

वेल्डरभावोजी डबे देऊन गेले. मी ते शेजारी देऊन टाकले.

तुम्ही चालता हे वाचून बरं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, रागही आला. रजेवर आलात की जेवणानंतर कोपऱ्यापर्यंत तरी चला माझ्याबरोबर, म्हणून किती विनवण्या केल्या. तेव्हा तुमचे पाय दुखायचे. डॉक्टरच्या एका कागदाने ते दुखायचे थांबले!

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. आधी भाजी आणि कडधान्य पोटभर खा, भात शेवटी, तोही थोडा. रस पिऊ नका, फळ चावून खा. जेवून लगेच आडवे होऊ नका. हे मला कुठून कळलं, असा प्रश्न पडला तर विचारा.

शाळांच्या गणवेशांचं शिवण आलंय, म्हणून आवरते. लोभ आहे असं धरून चालते.
आपली,
सौ.

४ जून

सौ. राणीसरकार यांस,
अनेक आशीर्वाद.

जिंकलो! आकडा उतरला, वजन सात किलोंनी कमी झालं, क्रेन माझीच राहिली. डॉक्टरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तुझं खाण्याचं गणित अगदी लागू पडलं. वाचनालयातून पुस्तक आणलंस वाटतं?

पण खरी कसोटी पुढेच आहे म्हणतात. घरचं पथ्य हवं. कंपनीकडे दोन खोल्या मागितल्या होत्या, मिळाल्या. शिवणाचं मशीन विकून टाक आणि पंधरवड्यात इकडे ये. तुलाही हा रोग काय चीज आहे ते कळायला हवं, बाई. पाय रोज निरखायचे, बधिरपणा वाटला तर लगेच सांगायचं. आलीस की सगळं शिकवीन.

लोभ आता समोरासमोर वाढवू.
तुझाच,
अहो

१५ जून

ती. अहो यांस,
सा. न. वि. वि.

आकडा उतरला, आनंद झाला. मनापासून लिहितेय.

बधिरपणाचं मला शिकवू नका. माझ्या पायांना तो सहा वर्षांपूर्वीच आला. मला मधुमेह आहे. डॉक्टरने सांगितलं त्याच दुपारी तुम्हाला चार पानी पत्र लिहिलं. पायाखालचं पायडल समजेनासं झालं म्हणून मशीनला मोटर बसवली, हेही त्यात होतं. फार भीती वाटते, चार दिवस तरी या, असं शेवटी लिहिलं होतं. तुमचं उत्तर सोबत जोडलंय. खिडकीची कडी बसवून घे आणि निळा सदरा पाठव, एवढंच आहे त्यात.

मी मनाची समजूत घातली, की माणूस हादरला असेल, सावरला की विचारेल. मग दर रजेला तुम्ही माझ्याच पथ्याचं जेवलात आणि घरातली साखर संपली का म्हणून चेष्टा केलीत. गोळी घेताना पाहिलंत, डोकं दुखतंय का विचारलंत आणि उत्तराआधी बाहेर पडलात. जॅमच्या बाटल्या दारात आल्या तेव्हा लख्ख कळलं. ते पत्र तुम्ही पहिल्या पानापुढे, त्या खिडकीच्या मोडक्या कडीपुढे, वाचलंच नव्हतं.

मशीन विकणार नाही. येणारही नाही. तुमचं पथ्य तुम्हाला छान जमतंय, तेच चालू ठेवा. मला सोबत हवी होती तेव्हा मी मागितली होती, लेखी. आता रोज सकाळी जमिनीवर आरसा ठेवते आणि त्यात तळवे बघते. पहिली दोन वर्षं ते करताना तुमची वाट बघायचे. आता नाही बघत.

लोभ किती ठेवायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.
सौ.